धाडीत गेलेलं आणि आठवणीत राहिलेलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पंधरा टेराबाइट जागा जमवली आणि पडद्यावर दिसली साडेपाचलाही कमी. आमच्या मंडळींत त्या दिवशी जो गोंधळ झाला, त्यातून ही गोष्ट सुरू होते.

अकोल्यात आम्हा पाच-सहा मित्रांचा एक उद्योग आहे. वऱ्हाडातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या, पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांची लग्नातली गाणी आम्ही कित्येक वर्षं टेपवर घेत आलो. पुढे टेप गेल्या, कॅमेरे आले, आणि सगळं एका हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसलं. एकाच डिस्कमध्ये, हे मुद्दाम सांगतो. अकोल्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. अशाच एका मे महिन्यात ती डिस्क टिकटिक करू लागली आणि दुसऱ्या दिवशी गप्प झाली. त्यात माझ्या फुप्पीचा आवाज होता. ती आता नाही. तिची सतरा गाणी आमच्याकडे होती, त्यातली नऊ परत मिळाली, तीही एका मित्राने आपल्या घरी जुन्या कॅसेटा फेकल्या नव्हत्या म्हणून. उरलेल्या आठांपैकी तीन फुप्पीच्या नातीला पाठ होती. पाच गेली.

त्यानंतर आम्ही वर्गणी केली. 4 टेराबाइटच्या तीन नव्या डिस्क घेतल्या, 3 टेराबाइटची एक जुनी पण चांगली डिस्क एकाने दिली. बेरीज 15. ओळखीच्या एका संगणकवाल्या मुलाने त्या एका पेटीत बसवल्या, काही बटणं दाबली, आणि पडद्यावर एकच डिस्क उमटली. आकडा होता 5.45. आमच्यातले एक शेतकरी मित्र उठून उभे राहिले. म्हणाले, "काहून बा, पैशे चार डब्ब्यांचे अन् जागा दोघांचीबी नाही? बाकीची गेली कुठं?"

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. गणिताशी माझं फारसं सख्य नाही. पण प्रश्न इतका सरळ होता की त्याचं उत्तर शोधल्याशिवाय मला झोप येईना. त्या मुलाकडून आणि पुस्तकांतून मी हा हिशेब समजून घेतला. तो समजून घेताना मी पोहोचलो थेट सातशे वर्षं मागे, आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

या पेटीतल्या रचनेला 'रेड' म्हणतात. कल्पना अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यापीठात पक्की झाली. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ या तिघांनी 1988 साली शिकागोच्या एका परिषदेत निबंध वाचला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातल्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. अर्थ असा, की स्वस्त डिस्कची अशी रांग जी जादा नोंद ठेवते. पुढे कंपन्यांनी 'स्वस्त' हा शब्द काढून 'स्वतंत्र' घातला. आपल्या मालाला स्वस्त कोण म्हणेल!

त्याआधीची परिस्थिती काय होती? पहिली डिस्क बाजारात आली 1956 साली. आय.बी.एम. कंपनीची. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत. एका मोठ्या कपाटाएवढं, टनभर वजनाचं ते यंत्र फक्त 50 लाख अक्षरं साठवत असे. नंतरची तीस वर्षं मोठ्या संगणकांसाठी अशाच मोठ्या, महाग, जपून बांधलेल्या डिस्क बनत राहिल्या. मग घरगुती संगणक आले आणि त्यांच्यासाठी लहान, स्वस्त डिस्क निघाल्या. बर्कलेच्या तिघांनी विचारलं, एका महागड्या डिस्कऐवजी शंभर स्वस्त डिस्क एकत्र जुंपल्या तर? काम वेगाने होईल, पैसाही वाचेल.

अडचण त्यांनीच सांगितली. एक डिस्क सरासरी 30,000 तास टिकते असं धरलं, तर शंभर डिस्कच्या रांगेत कुठलीतरी एक बिघडायला सरासरी 300 तास पुरतात. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. शंभर बैल बांधलेल्या गोठ्यात रोज कुणीतरी लंगडतंच. तेव्हा बिघाड होणारच, हे गृहीत धरून रचना करायची. एखादी डिस्क मेली तरी तिच्यातलं सगळं उरलेल्यांकडून परत काढता आलं पाहिजे. ही त्या निबंधाची खरी ताकद.

आता एक गंमत पाहा. इंग्रजीत 'रेड' या उच्चाराचा एक शब्द आहे, त्याचा अर्थ धाड. आणि आपल्या मराठीतलं पहिलं मोठं गद्य गेलं ते एका धाडीतच.

रिद्धपूर हे मोर्शी तालुक्यातलं गाव. महानुभावांची काशी. गोविंदप्रभू इथले. चक्रधरस्वामींनी निरोप घेतल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्यांभोवती इथेच जमले. त्यांच्यात म्हाइंभट नावाचे विद्वान होते. स्वामी काय बोलले, कुठे कसे वागले, हे ज्यांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, त्यांच्याकडे म्हाइंभट गेले. प्रत्येकाकडून आठवणी घेतल्या, पडताळल्या, नागदेवाचार्यांना दाखवल्या आणि लिहून काढल्या. साधारण 1278 च्या सुमाराचं हे काम. त्यातून 'लीळाचरित्र' झालं. ज्या काळात पंडित संस्कृतातच लिहीत, त्या काळात लोक बोलतात त्या मराठीत लिहिलेला ग्रंथ.

पुढे देवगिरीवर दिल्लीच्या फौजा आल्या. अल्लाउद्दीन खलजी 1296 साली देवगिरीकडे निघाला तो आपल्या एलिचपुरावरून, म्हणजे आजच्या अचलपुरावरून. त्यानंतरची काही वर्षं या मुलखाला स्वस्थता नव्हती. महानुभावांची परंपरा सांगते, की अशाच एका वेळी, 'खालशाच्या धाडीत', पळापळ झाली आणि लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली.

माझं नाव वाचून कुणाला वाटेल, हे सांगताना याला अवघड जात असेल. जरा थांबून सांगतो. ती फौज माझ्या आजोबांनी आणली नव्हती. आणि जो ग्रंथ गेला, तो माझ्या भाषेतला होता. मी ज्या भाषेत कविता करतो, तिचं पहिलं ठसठशीत गद्य त्या दिवशी हरवलं. ते नुकसान माझंही आहे. इतिहासात आपण कुणाच्या बाजूचे हे नावावरून ठरत नाही, आपण कशासाठी हळहळतो यावरून ठरतं.

ग्रंथ गेला. पण लोक होते. हे लोक रोज लीळा म्हणणारे, ऐकणारे होते. अनेकांना भागचे भाग पाठ होते. हिराइसा नावाच्या एका बाईंची स्मरणशक्ती परंपरेत विशेष नावाजलेली आहे. अशा आठवणीच्या धन्यांकडून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. एकदा नव्हे, अनेकदा, अनेक शिष्यशाखांत. म्हणून लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ तयार झाले. आणि त्या लिहिणाऱ्यांचा प्रामाणिकपणा असा, की जिथे एकाची आठवण दुसऱ्याहून वेगळी निघाली, तिथे त्यांनी ती दडपली नाही. 'वासना' असा शब्द वापरून दुसरी आठवणही नोंदवली. हा एकाचा पाठ, ही दुसऱ्याची वासना. सातशे वर्षांपूर्वी!

आमच्या शेतकरी मित्राला मी हेच सांगितलं. म्हणालो, दादा, एका माणसाला पाठ असलेली लीळा दुसऱ्यालाही पाठ होती, ही डोक्यातली जागा वाया गेली का? ते म्हणाले, "हे बराबर. पण मले हिशेब सांग."

तर हिशेब.

पहिली गोष्ट. या पेटीतल्या चार डिस्क संगणकाला दिसतच नाहीत. पेटीत एक 'कंट्रोलर' असतो, घरातल्या कर्त्यासारखा. चार भावांची शेती वेगवेगळ्या गटांत असली तरी बाजारात नाव एकच चालतं, तसा तो कंट्रोलर चौघींना एकत्र करून संगणकापुढे एकच डिस्क उभी करतो. तिला म्हणतात 'लॉजिकल डिस्क'. ती हातात धरता येत नाही, पण व्यवहार तिच्याशीच होतो. प्रश्न एवढाच, की या डिस्कची जागा किती धरायची?

दुसरी गोष्ट, सगळ्यात लहान डिस्क मोजमाप ठरवते. बैलजोडीत एक बैल ताकदीचा असला आणि एक थकलेला असला, तर वखर थकलेल्याच्या चालीने चालतो. रेडमध्येही प्रत्येक डिस्कवर सारखाच भाग लिहायचा असतो. आमच्याकडे तीन डिस्क 4 च्या आणि एक 3 ची. म्हणून चारही 3 च्याच धरायच्या. मोठ्या तिघींचा एकेक टेराबाइट बाजूला पडला. 15 चे झाले 12. ही जागा मात्र खरोखर वाया गेली, आणि दोष आमच्या काटकसरीचा. पुढेमागे त्या जुन्या डिस्कच्या जागी 4 ची घातली, तर ती जागा कामी येऊ शकते.

तिसरी गोष्ट, नोंद कोणत्या पद्धतीने ठेवायची. इथेच खरी निवड आहे.

एक पद्धत तिफणीची. चाड्यावर मूठ धरून दाणे सोडले की ते तीन नळ्यांतून तीन तासांत पडतात. पेरणी झपाट्याने होते. तसं माहितीचे तुकडे करून ते सगळ्या डिस्कवर वाटत जायचं. याला म्हणतात रेड शून्य. चारही डिस्कची पूर्ण जागा मिळते, आमचे 12 चे 12. पण एक फरक आहे. तिफणीची एक नळी तुंबली तर एक तास रिकामा जातो, बाकी पीक येतं. इथे एक डिस्क गेली तर प्रत्येक गाण्यातला चौथा तुकडा गेला, आणि चौथा तुकडा नसलेलं गाणं कुठलंच यंत्र वाजवत नाही. सगळंच गेलं. म्हणूनच तिला शून्य म्हणत असावेत असं मला आपलं वाटतं. बर्कलेच्या मूळ निबंधात एक ते पाच अशाच पायऱ्या होत्या. शून्य आणि सहा ही नावं नंतर रूढ झाली.

दुसरी पद्धत आरशाची, रेड एक. एका डिस्कवर जे लिहिलं तेच दुसरीवर. तुकडे आणि आरसा एकत्र केले तर चार डिस्कची निम्मी जागा मिळते, म्हणजे आमचे 6. ही पद्धत मला लहानपणापासून ओळखीची. आमच्याकडे संपूर्ण कुराण मुखोद्गत असणाऱ्याला हाफिज म्हणतात. परंपरा सांगते, की पैगंबरांच्या नंतर यमामाच्या लढाईत अनेक हाफिज मारले गेले, तेव्हा खलिफा अबू बक्र यांनी जैद बिन साबित यांच्याकडून सगळं एकत्र लिहून घेतलं. पुढे खलिफा उस्मान यांच्या काळात प्रती करून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या. रमजानच्या तरावीहमध्ये हाफिज पुढे उभा राहून म्हणतो आणि मागे कान लावून उभा असलेला दुसरा हाफिज चूक झाली की तिथल्या तिथे ती सुधारतो. याला 'लुकमा देणं' म्हणतात. वेदपाठकांकडेही पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी तेच शब्द उलटसुलट म्हणून घेतात, म्हणजे एक अक्षरही सरकलं तर कानाला खटकतं. दोन घरांची, दोन भाषांची, पण काळजी एकच.

तिसरी पद्धत ही बुद्धीची करामत आहे. आरसा ठेवायला दुप्पट जागा लागते. कमी जागेत तेच साधेल का? साधतं. कागद-पेन्सिल घ्या. संगणक सगळं एक आणि शून्यातच लिहितो. समजा पहिल्या डिस्कवर आहे 1, 0, 1, 1. दुसरीवर आहे 0, 0, 1, 0. आता तिसरीवर दोघींची नक्कल करायची नाही. दोघींतले वरखालचे आकडे पाहायचे. एक हा आकडा विषम वेळा आला तर 1 लिहायचा, सम वेळा किंवा आलाच नाही तर 0. तिसरी झाली 1, 0, 0, 1. आता पहिली डिस्क जळाली असं समजा आणि तिच्यावर हात ठेवा. दुसरी आणि तिसरी यांच्यावर तोच नियम पुन्हा लावा. 0 आणि 1, उत्तर 1. 0 आणि 0, उत्तर 0. 1 आणि 0, उत्तर 1. 0 आणि 1, उत्तर 1. हात उचला. 1, 0, 1, 1. गेलेली डिस्क परत आली!

मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्या डिस्कवर पहिलीचं एक अक्षरही नव्हतं. होतं फक्त दोघींमधलं नातं. आणि त्या नात्यावरून हरवलेलं माणूस परत उभं करता आलं. कवितेत आम्ही आयुष्यभर दुसरं काय करतो?

डिस्क कितीही असोत, अशा नोंदीला एकाच डिस्कएवढी जागा लागते. म्हणून नियम सोपा आहे. एकूण डिस्कमधून एक वजा करा आणि सगळ्यात लहान डिस्कच्या मापाने गुणा. चारातून एक वजा, तीन. तीन त्रिक नऊ. यालाच म्हणतात रेड पाच. प्रत्यक्षात ही नोंद एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने चौघींवर फिरवतात, म्हणजे भार एकीवर पडत नाही. जागेचा हिशेब बदलत नाही.

मग आम्ही 9 टेराबाइट घेऊन समाधान का मानलं नाही? कारण एक डिस्क गेल्यावर नवी बसवून ती पुन्हा भरेपर्यंत वेळ जातो. आजच्या मोठ्या डिस्क भरायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. तेवढा वेळ बाकीच्या डिस्क अखंड राबत असतात. त्यात आणखी एक गेली तर सगळं संपलं. घरातला एक माणूस आजारी पडला की त्याचं करता करता दुसराही अंथरुण धरतो, तसं. म्हणून रेड सहा. यात पहिल्या नोंदीबरोबर दुसरी एक नोंद वेगळ्या गणिताने ठेवतात. त्यासाठी अनेकदा जे गणित वापरतात, ते रीड आणि सॉलोमन या दोन गणित्यांनी 1960 साली मांडलं. कुठल्याही दोन डिस्क एकदम गेल्या तरी माहिती परत येते. नियम तोच, फक्त एकाऐवजी दोन वजा. चारातून दोन गेले, दोन. दोन त्रिक सहा. एकदा पोळलेली माणसं आम्ही. आम्ही 6 घेतले.

चौथी गोष्ट. 6 ठरले, मग दिसले 5.45 का? इथे कुणी चोरी केली नाही. इथे दोन मापं आहेत. कापसाच्या बाजाराला हे नवीन नाही. आपल्याकडे खंडी म्हणजे वीस मण, हे शाळेत घोकलेलं. पण कापसाच्या व्यापारातली खंडी 784 पौंडांची, म्हणजे सुमारे 356 किलोची. कच्चा शेर निराळा, पक्का शेर निराळा. या घोळाला आळा घालायला आपल्या देशाने दशमान मापांचा कायदा केला तो 1956 साली, म्हणजे ती पन्नास तबकड्यांची पहिली डिस्क बाजारात आली त्याच वर्षी. डिस्क बनवणारे दशमानाने मोजतात. त्यांचा किलो हजाराचा, टेरा म्हणजे एकावर बारा शून्यं. संगणक मात्र दोनाच्या पटीत मोजतो. त्याचा किलो 1,024 चा. प्रत्येक पायरीवर 24 चा फरक पडत पडत टेरापर्यंत तो नऊ टक्क्यांवर जातो. म्हणून 1 टेराबाइटची डिस्क घरी आणली की बहुतेक संगणक 931 गिगाबाइट दाखवतात. हा घोटाळा मिटवायला 1998 साली दोनाच्या पटीतल्या मापांना किबी, मेबी, गिबी, टेबी अशी वेगळी नावं दिली गेली. पण कच्चा शेर बाजारातून काही लगेच गेला नव्हता, तसंच इथेही. आमचे 6 टेराबाइट संगणकाच्या पक्क्या मापाने 5.45 भरतात.

तर आमच्या मित्रासाठी एका ओळीत हिशेब असा. 15 होते. 3 लहान डिस्कच्या चालीमुळे बाजूला पडले, उरले 12. त्यातले 6 सांभाळणाऱ्या नोंदींना दिले, उरले 6. ते 6 दुसऱ्या मापाने 5.45. पैशाचा मेळ बसला. मित्राने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "म्हणजे निम्मी जागा राखणीले ठेवली." मी म्हणालो, हो. पेरायला काढून ठेवलेलं बियाणं कुणी कमी धान्यात मोजत नाही.

पण रिद्धपूरची गोष्ट इथे संपत नाही. तिच्यात आणखी दोन धडे आहेत, आणि ते पेटीवाल्यांनीही लक्षात ठेवावेत असे आहेत.

धाडीनंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले. त्यातली सकळ लिपी सगळ्यांत प्रसिद्ध. रवळोबासांनी ती केली असं सांगतात. ग्रंथ सुरक्षित राहिले, इतके सुरक्षित की पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतकं त्यांचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली, तेव्हा कुठे आपल्याला कळलं की आपल्या घरात एवढं धन आहे. पुढे नागपूरच्या हरि नारायण नेने यांनी, पुण्याच्या शं. गो. तुळपुळे यांनी आणि आपल्या मलकापूर तालुक्यातल्या नरवेलच्या वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. कोलत्यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1978 साली काढली. वेगवेगळ्या शाखांच्या पोथ्या समोर ठेवून, वासना जुळवून हे काम झालं. विखुरलेल्या डिस्कवरून ग्रंथ पुन्हा बांधणं यालाच म्हणतात.

रेडच्या पेटीलाही अशी किल्ली असते. कोणती डिस्क कितव्या क्रमांकावर, माहितीचे तुकडे केवढे, पद्धत कोणती, हे त्या कंट्रोलरला माहीत असतं. तोच जळाला आणि ही नोंद कुठे नसली, तर चारही डिस्क धडधाकट असून मुक्या होतात. आम्ही प्रत्येक डिस्कवर क्रमांक चिकटवला आणि सगळी माहिती एका साध्या वहीत लिहून ठेवली. संगणकवाला मुलगा हसला. मी त्याला सकळ लिपीची गोष्ट सांगितली. मग त्यानेच वहीवर तारीख घातली.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. लीळाचरित्र वाचलं ते आठवणी एका घरात नव्हत्या म्हणून. सगळे जाणते एकाच ठिकाणी असते आणि एकाच दिवशी मारले गेले असते, तर गणिताची कुठलीही करामत उपयोगी पडली नसती. पेटीत चार डिस्क असोत की चाळीस, पेटी एकच आहे. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले आणि त्यात किती फायली गेल्या हे आपण पाहिलं. 5 जानेवारी 2004 ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव शिरला आणि जपलेल्या ग्रंथांची नासधूस झाली. धाड कधी आगीची असते, कधी माणसांची. कुठल्या धर्माची आहे हे ती विचारत नाही. आणि चुकून तुम्ही एखादं गाणं पुसलंत, तर आरसाही ते इमानेइतबारे पुसून टाकतो. म्हणून जाणकार सांगतात, रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. ती वेगळीच ठेवावी लागते, आणि दूर.

आम्ही तसंच केलं. पेटी अकोल्यात आहे. सगळ्याची एक स्वतंत्र प्रत अमरावतीला एका मैत्रिणीच्या घरी, धान्याच्या कोठीशेजारच्या कपाटात आहे. मध्ये शंभरेक किलोमीटरचं अंतर. दर तीन महिन्यांनी कुणीतरी एस.टी.ने जातं, नवं भरतं, जुनं वाजवून पाहतं. न वाजवता ठेवलेली प्रत ही प्रत आहे की नाही, हे संकटाच्याच दिवशी कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे. त्याचा कायदा 2023 चा. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा लीळाचरित्राचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं. मला त्या दिवशी हिराइसा आठवली. तिच्याकडे ना ताम्रपट होता, ना डिस्क. तिने फक्त लक्ष देऊन ऐकलं होतं.

फुप्पीची ती तीन गाणी तिच्या नातीने आमच्यासाठी पुन्हा म्हटली. एका गाण्यात तिला एक ओळ नक्की आठवेना. तिची आई वेगळी ओळ सांगत होती. आम्ही दोन्ही ओळी घेतल्या आणि नोंदीत लिहिलं, ही नातीची, ही सुनेची वासना. पाच गाणी मात्र गेलीच. त्यांची जागा रिकामी आहे, आणि तिचा आकडा कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस अजून गुणगुणत असेल, तर आज त्याच्याशेजारी बसा. आधी स्वतः ऐका, मग मुलांना ऐकवा. यंत्र त्यानंतर सुरू केलं तरी चालेल.